बत्तिसावा

शपथेसाठी दोन बोटं पुढे केली आणि गेपाला तो दात दिसला. बोटं तिथंच हवेत राहिली. पाद्री इम्मोनं चांदीची डबी अगदी तिच्या नाकाखाली धरली होती. डबीला पुढून स्फटिकाची खिडकी, आत लाल मखमल, आणि मखमलीवर आडवा झालेला दात. संत अपोलोनियेचा. पाखंड्यांनी जिची सगळी बत्तीशी पाडली आणि तरी जी हसत हसत आगीत चालत गेली, तिचा. हा दात रोमहून सहा खेचरांनी आणला म्हणे. एकटा दात, आणि सहा खेचरं! त्यातलं एक तर आल्प्स चढता चढता लॅटिनमधून प्रार्थना म्हणायला लागलं, तेव्हा उरलेली पाच गुडघे टेकून उभी राहिली आणि दोन दिवस हलेनात. शहरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, खेचरं मात्र कुणी पाहिली नव्हती. गेपानंही हा दात आजवर लांबूनच पाहिला होता. उन्हाळ्यात मिरवणूक निघाली तेव्हा, माणसांच्या टाळक्यांवरून, म्हणजे चांदीची तिरीप तेवढी. आज पहिल्यांदाच वीतभर अंतरावर आला. त्याला तीन मुळं होती. दोन सरळ, तिसरं बाहेर वाकलेलं, कोंबडीच्या नखासारखं. माथ्याचा एक कोपरा उडालेला आणि तिथं काळा ठिपका. गेपाची जीभ तोंडातल्या तोंडात उठली, वरच्या डाव्या बाजूला मागं गेली आणि तिथल्या खड्ड्यात जाऊन बसली.

"ठेव की बोटं," पाद्री इम्मो हळूच म्हणाला. "घाबरतेस काय, पोरी? खरं बोलणाऱ्याला चावत नाही तो."

मागं गर्दीत हसणं फुटलं. खोटं बोलणाऱ्याला चावतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. दोरखंडवाल्या ब्रूननं शेजाऱ्याच्या कुंपणावरून खोटी शपथ घेतली, तर स्फटिकाच्या आतून कट्ट असा आवाज आला. कुणी म्हणतं ब्रूनचं एक पेर गेलं, कुणी म्हणतं तीन. ब्रून हातमोजे घालून फिरायचा आणि विचारलं तर नुसता उसासा टाकायचा, कारण तेव्हापासून त्याच्या दुकानावर बघ्यांची रीघ लागली होती आणि बघायला आलेला माणूस थोडा तरी दोर घेऊन जातोच.

पण गेपाला हसू आलं नाही. तिला वास आला. मेणबत्तीचा नव्हे, धुपाचाही नव्हे, डबीचाच. स्फटिकावर ओठांचे डाग होते, एकावर एक, चरबीचे, बिअरचे, म्हाताऱ्यांच्या लाळेचे, आणि इम्मोच्या मनगटावर एक फडकं होतं, त्यानंच तो ते प्रत्येक वेळी पुसायचा, म्हणजे सगळ्यांची लाळ सगळ्यांना सारखी वाटून द्यायचा. उन्हाळ्यात हाच दात बादलीत बुडवून ते पाणी ओंजळीओंजळीनं लोकांना पाजलं होतं. गेपानंही घेतलं होतं. कुन्ने मावशीनं मान धरून पाजलं होतं, "पी गं, वर्षभर दाढ दुखायची नाही." कोमट, किंचित लोखंडासारखं लागलं होतं. ते सारं आता घशाशी आलं. आपल्याच तोंडातली घाण, रोमला न जाता रोमहून आलेली, आपणच पुन्हा प्यालो.

कारण दात तिचा होता. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. आईला पोर कळतं तसं वगैरे नाही, त्याहून पक्कं. पोर बदलतं. हा कोपरा उडाला तो सरदार एबरविनच्या गिरणीतल्या खड्यावर. तिच्या गावात कुणीही घरी जातं ठेवायचं नाही, सगळ्यांनी मालकाच्याच गिरणीत दळायचं, आणि त्या गिरणीचा दगड असा झिजलेला की भाकरीत धान्य किती आणि दगड किती हे दातांनीच सांगावं. गावचा पाद्री सांगायचा, खडा लागला की तोंड वाकडं करू नका, ते प्रायश्चित्त आहे, गिळा. स्वतः मात्र तो पांढरा पाव खायचा, चाळलेल्या पिठाचा. गेपा सोळा वर्षांची असताना त्या प्रायश्चित्ताचा एक तुकडा तिच्या दाढेत घुसला आणि पुढची तीन वर्षं ती दाढ पावसाआधी, पावसात आणि पावसानंतर ठणकत राहिली.

आणि मग मागच्या वर्षी, संत मार्टिनच्या जत्रेला, याच शहराच्या बाजारात न्हाव्यानं ती काढली. हार्टविन न्हाव्यानं. गेपा त्याच दिवशी सकाळी वेशीतून आत आली होती, हंसांच्या एका कळपामागून, जणू आपणच ते हाकतोय अशी. गाल सुजून भोपळा झालेला. हार्टविन म्हणाला, "फुकट काढतो. दात मात्र माझा." तिला वाटलं, दुकानावर टांगायच्या माळेत ओवत असेल, न्हावी ओवतातच. तिनं मान डोलावली. गुडघा तिच्या छातीवर ठेवून त्यानं एक हिसका दिला आणि रक्ताळलेला दात क्षणभर तिच्या तळहातावर ठेवला. "बघ, बघ कसा चिकटून बसला होता! कोंबडीचा पाय!" आजूबाजूचे हसले होते. एक जाडा पाद्रीही हसला होता, हातात भाजलेल्या हंसाची तंगडी, हनुवटीवरून चरबी ओघळत होती. ती चरबी गेपाला आत्ता आठवली, आणि मग समोरची हनुवटी दिसली. तीच. आज पुसलेली.

"कारभारी, बघा, हिचं धाडस होईना," सातातला एक पंच म्हणाला. देवळाच्या लाल दरवाज्यात बाकावर सात पंच बसले होते, शहराचा न्याय तिथंच व्हायचा. डाव्या हाताला एबरविनचा कारभारी रुटगर, चिखलाच्या बुटांत, कमरेला पट्ट्यात खोचलेली चामड्याची वादी. त्यानं तिला चार दिवसांपूर्वी भाजीबाजारात ओळखलं होतं आणि वेणी धरून ओढत पंचांसमोर आणलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच: ही आमच्या मालकांची कूळ. पळून आली. आमच्या जमिनीवर जन्मली म्हणून आमचीच. शहराचा कायदाही एवढाच: जो कुणी वेशीच्या आत एक वर्ष आणि एक दिवस राहील, त्याला कुठल्याही सरदारानं हात लावायचा नाही. गेपा म्हणत होती, मी मागच्या मार्टिनच्या जत्रेला आले, मला वर्ष आणि वर नऊ दिवस झाले. रुटगर म्हणत होता, खोटं, ही आली संत आंद्रेयच्या सणाला, अजून वर्ष भरायला दहा दिवस आहेत. कुन्ने मावशीनं तिला आपल्या बिअरच्या भट्टीवर ठेवून घेतलं ते ख्रिसमसच्या आठवडाभर आधी. त्याआधी ती कातडी कमावणाऱ्यांच्या छपराखाली कुत्र्यांत झोपायची, आणि कुत्र्यांची साक्ष चालत नाही. जत्रेला तिला पाहिलेला, नाव सांगता येईल असा माणूस एकच, हार्टविन न्हावी. आणि मघाशी पंचांनी विचारलं तेव्हा हार्टविन छताकडे बघत म्हणाला होता, "जत्रेला मी पोतंभर दात काढतो, मालक. दातांकडे बघू की तोंडांकडे?"

तेव्हा तिला राग आला होता. आता कळलं. आठवण आहे म्हणावं, तर दातही आठवावा लागला असता. दात आठवला, की तो कुठं गेला हेही. म्हणून सांगायला कुणी उरलं नाही तेव्हा पंच म्हणाले, हिनंच दातावर शपथ घ्यावी.

आणि आता हा दात. मी इथं होते याचा एकच साक्षीदार, आणि तो मखमलीवर पडलाय. याच्यावर बोटं ठेवायची आणि म्हणायचं, संत अपोलोनियेच्या दाताशपथ. पण हा अपोलोनियेचा नाही. मग शपथ कुणाची? माझ्याच किडक्या दाढेची? खरं बोलायला आले होते, आयुष्यात एकदाच, मोठ्यानं, दरवाज्यात उभं राहून, आणि हे बघा, खऱ्यालाही टेकायला खोटंच दिलं. हा माझा दात आहे, असं म्हणावं? म्हटलं तर वर्ष आणि नऊ दिवस सिद्ध. आणि बाहेरच्या चौकात मला जाळायला लाकडं रचायला लागतील, ती वेगळी. तिला त्या कल्पनेची भीती वाटायला हवी होती. वाटली ती किळस, चिकट, कुणी आपल्या तोंडात बोट घालून फिरवावं तशी.

बोट घातलंच होतं. रुटगरनं. आई गेली त्याच आठवड्यात. आई गेली तेव्हा तिचे डोळे मिटायच्या आधी दोघंजण दारात हजर: रुटगर गाय सोडायला, कारण कूळ मेलं की घरातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाचं, आणि गावचा पाद्री, कारण त्याच्यानंतरचं चांगलं ते देवाचं. दुसरं जनावर नव्हतंच. पाद्रीनं इकडंतिकडं पाहिलं आणि आईच्या अंगावरची लोकरीची चादर उचलली. चादर अजून गरम होती. त्यानं ती नीट घडी घातली, घडी घालता घालता प्रार्थना म्हटली, आणि मग चादरीत तोंड खुपसून वास घेतला, कसरबिसर लागली नाही ना म्हणून. आई उघडी पडली. तोंड वासलेलं, आत एकही दात नाही. गेपा तो वास घेणारा माणूस बघत उभी राहिली. नंतर चार दिवसांनी रुटगर आला आणि म्हणाला, आता एकटी काय करशील, मालकांच्या डुकरांवर दूदो आहे, त्याला बायको हवी. तिचा जबडा त्यानं घोडीसारखा धरला, अंगठा आत घातला, हिरड्यांवरून फिरवला, मोजलं. "बत्तीस. एकही कमी नाही. दूदोचं नशीब." अंगठ्याला लगामाच्या तेलाची चव होती. दूदोनं दोन बायका पुरल्या होत्या आणि तो डुकरांशी जितकं गोड बोलायचा तितकं माणसांशी कधी बोलला नव्हता. त्याच रात्री, पहाट व्हायच्या आधी ती निघाली.

"पंच, मला बोलू द्या," रुटगर पुढे आला. तिची बोटं हवेत थांबलेली बघून त्याला चेव चढला होता. "बघताय ना? देवाच्या वस्तूपुढं खोटं निघत नाही हिच्या तोंडातून. शपथ होत नाही म्हणजे बाई आमची. केसापासून नखापर्यंत आमची. मी स्वतः हिचं तोंड उघडून पाहिलंय, भरली बत्तीशी आहे, एकेक दात मालकांच्या भाकरीवर वाढलाय. घेऊन जातो ती सगळीच्या सगळी घेऊन जातो, एक दातसुद्धा इथं सोडणार नाही!"

लोक हसले. पंचही हसले. गेपाच्या मागं कुन्ने मावशी, गालावर पट्टी बांधलेली, पट्टीतून ओरडली, "दात मोजतोय मेला! तुझे मोज आधी, तीन तरी आहेत का?"

मग गेपाच्या तोंडातून शब्द आले ते तिनं ठरवलेले नव्हते. "एक कमी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"बत्तीस नाहीत. एकतीस आहेत." आणि तिनं तोंड उघडलं. अगदी वासलं, आईनं वासलं होतं तसं, आणि मान मागं टाकली, म्हणजे दरवाज्यातला उजेड आत पडेल. ते कुणासाठी केलं हे तिला कळलं नाही. रुटगरनं सवयीनं अंगठा पुढे केला, गर्दी आहे हे आठवून मागं घेतला आणि वाकून पाहिलं. "खरंच की. वरती, डावीकडची दाढ. कुठं गेली?"

"काढली."

"कुठं? कुणी? आमच्या गावात तर काढली नाही, तिथं माझ्या परवानगीशिवाय—" तो थांबला आणि मग हसला, कारण त्याला वाटलं आपल्याला चांगला विनोद सापडला. "असू दे. काढली ती पण मालकांची. जिथं असेल तिथून परत द्यावी लागेल. पंच, नोंद घ्या. बाई परत, आणि दाढ परत!"

या वेळी सगळं आवार हसलं. एकटा माणूस हसला नाही. गेपा अजून तोंड वासून उभी होती आणि तिचं तोंड पाद्री इम्मोच्या अगदी समोर होतं. त्यानं आत पाहिलं. मग खाली डबीत पाहिलं. पुन्हा आत पाहिलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग मेणासारखा, आणि हातातली चांदी थरथरली तेव्हा आतून खरंच कट्ट असा बारीक आवाज आला. मखमलीवरून दात घरंगळला होता. पहिल्या ओळीतल्या बायकांनी छातीवर क्रूस काढले. "चावला! चावला! कुणाला चावला?"

"थांबा," इम्मो म्हणाला. आवाज घोगरा. "पंच, थांबा. संतिणीनं मला आठवण करून दिली. हो. मी होतो तिथं. मार्टिनच्या जत्रेला, हार्टविनच्या स्टुलाजवळ. ही मुलगी. सुजलेला गाल. मी पाहिलंय हिला. दात काढताना पाहिलंय." त्याची नजर गर्दीत फिरली आणि न्हाव्यावर जाऊन रुतली. "हार्टविन, तुलाही आठवतंय. नाही का?"

"आत्ता आठवलं, पाद्रीबाबा," हार्टविन म्हणाला. छताकडे न बघता, जमिनीकडे बघत. "हंसांच्या मागून आली होती. ती दाढ... ती दाढ मी नदीत टाकली. किडकी होती."

"नदीत," इम्मो म्हणाला.

"खोल जागी," हार्टविन म्हणाला.

पंचांनी डोकी जवळ आणली, पण नुसती रीत म्हणून. एक पाद्री आणि एक नागरिक, दोन साक्षी, आणि वर संतीण स्वतः बोलली. वर्ष झालं, वर नऊ दिवस झाले. बाई शहराची. रुटगरनं "पण" म्हटलं, आणखी एकदा म्हटलं, मग कमरेच्या वादीला हात घातला तेव्हा कसायांच्या पोरांनी त्याला वाट दाखवली, जरा घाईनं. गेपा तिथंच उभी. तिची शपथ कुणी घेतलीच नाही. तिच्या खऱ्याची कुणाला गरजच लागली नाही. तिला वाटलं होतं, मोकळं होणं म्हणजे एक आवाज होईल, काहीतरी तुटल्यासारखा, आणि मग श्वास. श्वास आला, त्यात चरबीचा वास होता. मालकाला मी सगळी हवी होते आणि मिळाले नाही. यांना माझा एक तुकडा मिळालाय, तो सोडायचा नव्हता, म्हणून बाकीची मी मोकळी. चादर आठवली. ती आधी घडी घातली होती, मग वास घेतला होता. की आधी वास?

"आता आभार मान," इम्मो म्हणाला. त्यानं फडक्यानं स्फटिक पुसला, डबी किंचित तिरकी केली, दात नीट मखमलीवर येईल अशी, आणि तिच्या ओठांपाशी आणली. आणि मग फक्त तिलाच ऐकू जाईल असं, जवळजवळ विनवत, "पोरी. तोंड सांभाळ."

सगळे बघत होते. तिनं ओठ टेकवले. स्फटिक गार नव्हता, लोकांच्या तोंडांनी गरम झालेला. आणि जीभ, मूर्ख जीभ, आपण होऊन पुढे आली, काचेला टेकली, आणि काचेपलीकडच्या त्या वाकड्या मुळाला शोधत राहिली, जसं गाय विकल्यावर वासरू गोठ्यातल्या रिकाम्या खुंट्याला चाटतं. इम्मोनं डबी ओढून घेतली आणि पुसली.

बाहेर पायऱ्यांवर कुन्ने मावशीनं तिला गच्च मिठी मारली. बिअरचा, घामाचा आणि लवंगेच्या पट्टीचा वास. हा वास बरा होता. "सुटलीस गं माझी बाई! आता भट्टीवर हवी तितकी झोप, उठवणार नाही कुणी. मीच उठवीन." आणि मग मावशी थांबली, डोळे बारीक केले, पट्टी खाली ओढली. तिची दाढ आठवडाभर ठणकत होती, गाल तापलेला. "तू इतक्या जवळून चुंबन घेतलंस. ओठ अजून ओले आहेत. कुणी इतका वेळ नाही गं टेकवत. ये. फुंक मार."

"मावशी, नको."

"अगं फुंक! मी तुला कुत्र्यांतून उचललं ना? एक फुंकर मागतेय."

मावशीनं तोंड उघडलं. आत काळं, हिरवट, कुजलेल्या जवाची दुर्गंधी. गेपानं डोळे मिटले आणि फुंकर मारली. पोटातून काहीतरी वर आलं, ते तिनं गिळलं. प्रायश्चित्त, गिळा. क्षणभर मावशी तशीच, तोंड उघडं, डोळे आढ्याला लावल्यासारखे आभाळाला. मग तिनं गालावर थाप मारली. आणखी जोरात मारली.

"गेली!" ती म्हणाली. "अगं गेली की! दुखायची थांबली! बायांनो, थांबली! हिच्या फुंकरीनं!"

खरंच थांबली होती. पुढे कित्येक वर्षं ती दाढ दुखली नाही, मावशी त्या दाढेनं अक्रोड फोडायची आणि लोकांना बोलावून दाखवायची. पायऱ्या उतरणाऱ्या बायका थबकल्या आणि वळल्या. पहिल्यांदा भाकरवाली आली, मग ब्रूनची बायको, मग कडेवर पोर घेतलेली एक, पोराच्या हिरड्या सुजलेल्या. एकीनं तोंड उघडलं म्हणून दुसरीनं उघडलं. पायऱ्यांवर उन्हात तोंडंच तोंडं, ओली, वासलेली, पोकळ, तिच्याकडे वळलेली. वर लाल दरवाज्यात पाद्री इम्मो डबी छातीशी धरून उभा होता आणि तोही बघत होता. तोंडांकडे नाही. तिच्या तोंडाकडे, आणि त्याच्या ओठांची बारीक हालचाल होत होती, काहीतरी मोजल्यासारखी.

"सांग की गं, कसं केलंस?" भाकरवाली म्हणाली. "त्या दातात आहे तरी काय?"

खरं तिच्या जिभेवर आलं, अगदी टोकाशी. एकच वाक्य होतं, छोटं. तिनं इम्मोकडे पाहिलं, चौकाकडे पाहिलं, मावशीच्या आनंदानं ओल्या झालेल्या डोळ्यांकडे पाहिलं. आणि दुपारपासून शहराची झालेली, कुणाचीच नसलेली गेपा, उरलेले एकतीस दात एकमेकांवर गच्च दाबून, तोंड मिटून उभी राहिली.